पट्टेवाला ते मुख्यमंत्री

सुशीलकुमार शिंदे यांचा जन्म ४ सप्टेंबर १९४१ रोजी सोलापुरात, ढोर समाजातील कुटुंबात झाला. चामडे कमावणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. १९५७ साली ते येथील न्यायालयात पट्टेवाला म्हणून लागले. १९६५ पर्यंत त्यांनी न्यायालयात नोकरी केली, पण शिक्षण सोडले नाही. दयानंद महाविद्यालयातून ते पदवीधर झाले; पुढे मुंबई विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवली. दिवसा चाकरी आणि रात्री अभ्यास म्हणजे काय, हे आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको.

पोलीस खात्यातील फौजदारकी सोडून १९७१ मध्ये ते काँग्रेसमध्ये आले. १९७४ ला करमाळ्यातून आमदार झाले आणि १८ जानेवारी २००३ रोजी महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री.

याहूनही एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. सोलापूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला तो २००९ च्या निवडणुकीपासून. शिंदे तेथून १९९८ व १९९९ मध्ये निवडून आले, तेव्हा ती जागा खुली होती. ‘राखीव जागेमुळेच मोठे झाले’ हा नेहमीचा आक्षेप निदान येथे टिकत नाही.

२००४ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत निवडणूक होऊन आघाडीची सत्ता कायम राहिली. मुख्यमंत्रिपद मात्र विलासराव देशमुखांकडे गेले आणि शिंदे राज्यपाल म्हणून आंध्र प्रदेशात. २०१२ मध्ये, एकेकाळच्या या फौजदाराकडे देशाचे गृहखाते आले.