टिटवीची चार अंडी आणि चार महिन्यांचा पाऊस

मृग जवळ आला, वाशीमच्या शिवारात वखराची पाळी सुरू झाली, की कुणाला तरी धुऱ्यालगत टिटवीची अंडी सापडतात. लगेच फोटो फिरू लागतो आणि खालचा मजकूर ठरलेला असतो: चार अंडी, म्हणून चार महिने पाऊस, टोकं खाली, म्हणून जोरदार, जागा उंचावर, म्हणून पूर.

आधी ती अंडी तरी नीट पाहावीत. मातकट रंग, त्यावर काळपट डाग, आकार पेरूसारखा, एका बाजूला निमुळता. मातीतल्या उथळ खळग्यात चार खडे, एखाददुसरी लेंडी आणि मधोमध आत टोकं करून बसलेली चार अंडी. टिटवी आणि तिच्या नात्यातल्या तुतारीसारख्या पाणथळ पक्ष्यांत एका विणीला चार अंडी हा जवळजवळ नियमच आहे. आपला पावसाळाही चार महिन्यांचा. मग चाराशी चार जुळणारच! १९७२च्या दुष्काळातही टिटव्यांनी चार-चारच अंडी घातली असणार. शिवाय टिटवी सगळी अंडी एका दिवसात घालत नाही. दुसरं अंडं पडल्यावर फोटो काढला तर दोन महिने पाऊस आणि आठवड्याने काढला तर चार, असं हे हवामानशास्त्र.

टोकांचं कारण आभाळात नाही, टिटवीच्या पोटाखाली आहे. तिची पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांत धावू लागतात. इतकी वाढ आतच व्हायची म्हणून अंडं पक्ष्याच्या मानाने मोठं असतं. अशी चार अंडी उबवायची तर जागा कमी पडते. निमुळती टोकं मध्ये घेतली की ती एकमेकांना खेटून बसतात आणि चौघांना सारखी ऊब मिळते. स्वीडनचे माल्टे अँडरसन यांनी १९७८मध्ये हाच हिशेब गणिताने मांडला होता.

उंच जागेचं म्हणाल, तर टिटवीची वीण मार्चपासूनच सुरू होते. तलावाच्या कोरड्या पात्रात घातलेली अंडी पहिल्या मोठ्या पावसात बुडतात. पावसाचा अंदाज असता तर ती तिथे बसलीच नसती.

‘कड्यावरून घरंगळू नये म्हणून अंडी टोकदार’ हे तर पुस्तकांतही छापलेलं असतं. दाखला समुद्रकड्यांवरच्या गिलेमॉट पक्ष्याचा. पण टिटवीच्या सपाट शेतात कडा कुठला? खुद्द गिलेमॉटच्या बाबतीतही शेफील्ड विद्यापीठाच्या टिम बर्कहेड यांनी ही समजूत खोडली: ते अंडं घरंगळताना गोल फिरून वाचतं असं नाही, ते उतारावर मुळात जास्त स्थिर राहतं. २०१७मध्ये मेरी स्टॉडर्ड आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,४०० जातींची जवळपास ५० हजार अंडी मोजली. सरसकट पाहता आकाराचा संबंध घरट्याच्या जागेपेक्षा उडण्याच्या क्षमतेशी अधिक दिसला. बर्कहेड यांना ते पुरतं पटलेलं नाही, वाद चालू आहे. मात्र त्यात पावसाची बाजू कुणीच घेतलेली नाही.

टणक कवच अंड्याला आकार देतं, हाही गैरसमज. कोंबडीचं अंडं दिवसभर व्हिनेगरमध्ये ठेवा. कवच विरघळतं, पातळ पडदा उरतो आणि आकार तोच राहतो.

टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून तलंग? नाही. पक्ष्यांत लिंग मादीच्या गुणसूत्रावर ठरतं, अंड्याच्या घाटावर नाही.

तेव्हा पेरणी टिटवीला विचारून करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ते ऐका. आणि वखर चालवताना घरटं दिसलंच, तर फोटोसाठी अंडी उचलू नका. तेवढी जागा सोडून पुढे जा. अठ्ठावीस-तीस दिवसांत पिल्लं बाहेर पडतात.