पाट्यावरचं हिरवं

भोईवाड्यातल्या एका जुन्या चाळीच्या गॅलरीत पाटा अजून आडवा आहे. शेजारच्या बिऱ्हाडांनी आपापले पाटे मोरीच्या भिंतीला उभे करून ठेवले, कुणी त्यांच्यावर तुळशीची कुंडी ठेवली. या पाट्यावर मात्र सकाळी आठच्या आत वाटण होतं. आजी आधी लसूण आणि खडेमीठ रगडतात, मग मिरच्या, मग आल्याचा तुकडा, खोबरं आणि अगदी शेवटी कोथिंबीर, कोवळ्या देठांसकट. नातीने एकदा सांगितलं, "आजी, याला पेस्टो म्हणतात." आजींनी वरवंटा थांबवला नाही. "म्हणू देत. खोबरं कुठाय त्यात?"

खोबरं नाही, बाकी सगळं आहे. इटलीतल्या जेनोआ बंदराचा हा पदार्थ. बेझिलची पानं, चिलगोझ्यासारखा पाइनचा दाणा, लसूण, जुनं कडक चीज, ऑलिव्ह तेल आणि जाडं मीठ, संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने रगडलेलं. १८६३ साली रात्तो यांच्या पाकपुस्तकात त्याची कृती छापली गेली. पेस्टो म्हणजे 'ठेचलेलं'. म्हणजे शब्दशः ठेचाच. आणि तिथेही लसूण-मीठ आधी, पानं नंतर. बेझिल तरी परकं कुठे आहे? फालुद्यात घालतो तो सब्जा त्याच झाडाचं बी, आणि आपली तुळस त्याची सख्खी चुलत बहीण. आपण बी प्यायलो, पानं सोडून दिली, एवढंच.

इतिहास इथे पुरे, कारण खरी गंमत दगडात आहे.

मिक्सरचं पातं कापतं, दगड चिरडतो. लसणीची पेशी चिरडली की आतलं विकर मोकळं होतं, त्यातून अ‍ॅलिसिन तयार होतं आणि तो नाकात जाणारा झणका येतो. पानांचं उलट. भरधाव फिरणारं पातं गरम होतं, हवा आत ओढतं, आणि हिरवा रंग काळवंडतो. म्हणून पानं शेवटी आणि थोडकीच रगडायची. आजींना यातलं रसायन ठाऊक नाही, क्रम मात्र पक्का ठाऊक आहे. वाटण काढून झालं की त्या पाट्यावर अर्धी वाटी पाणी ओततात, वरवंटा त्यात फिरवतात आणि ते हिरवट पाणी थेट कालवणाच्या टोपात. ते पाणी फेकणाऱ्याला स्वयंपाक येत नाही, असं लेखकाचंही मत आहे.

पाटा गुळगुळीत झाला की वाटण नुसतं घसरतं. मग टाकीवाला. छिन्नी-हातोडीने तो काळ्या दगडावर बारीक खाचा पाडत जायचा. टकटक सगळ्या चाळीला ऐकू यायची. टाकी लावल्यावर आधी मूठभर तांदूळ वाटून टाकून द्यायचे, नाहीतर जेवताना दाताखाली कच. आता टाकीवाल्याची हाक ऐकायला नशीब लागतं.

त्याला एक कारण सुमीत मिक्सर. सीमेन्समधले अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा परदेशी मिक्सर बंद पडला आणि १९६३मध्ये भारतीय वाटणाला पुरून उरेल असं यंत्र बाजारात आलं. त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका एकेका खोलीत गिरणी कामगारांची जेवणं रांधत. त्यांच्या मनगटांना विचारावं. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये याच बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या थंडावल्या, जेवणारेही पांगले.

हिरवं वाटण मात्र ऋतू बघून रंग बदलत राहतं. थंडीत ते सर्वात श्रीमंत: पातीचा लसूण, ओली हळद, स्वस्त झालेली कोथिंबीर. हे वाटण चिरा दिलेल्या बांगड्यात भरावं, नाहीतर गरम भाकरीवर तेलाची धार सोडून नुसतंच. उन्हाळ्यात पुदिना आणि कैरी, खोबरं जरा जास्त. पावसात जुडीचा भाव चढतो आणि पानंही पाणचट होतात. तेव्हा कढीपत्ता आणि भाजलेले दाणे. श्रावणात लसूण वर्ज्य असेल तर आलं-जिऱ्यावर भागवायचं. खोबरं असो वा दाणे, इथे ऑलिव्ह तेलाचं आणि चीजचं काम तेच करतात: तिखटाला बूड देतात.

इटालियन पद्धतीचं घरी करायचं असेल तर चिलगोझ्याच्या खर्चात पडू नये. काजू चालतात, भाजलेले दाणे तर चांगलेच. दाण्यांचा पेस्टो गरम वरणभातावर चमचाभर घालून पाहावा. शेवयांच्या उपम्यातही तो शोभतो. जेनोआवाले नाक मुरडतील, मुरडू देत.

पाटा नसला तर मिक्सरचं भांडं अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं, पाण्याऐवजी बर्फाचा खडा टाकावा आणि बटण थांबत थांबत फिरवावं. लिंबू वाढताना पिळावं. एक गोष्ट मात्र गमतीची नाही: तेलात बुडवलेला कच्चा लसूण ओट्यावर ठेवू नये, त्यात घातक विष तयार होऊ शकतं. असं वाटण फ्रिजमध्येसुद्धा चार दिवसांच्या आत संपवावं. जास्त झालं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावं. एका कालवणाला दोन खडे पुरतात.