हेमंत-शिशिरातील सायकलस्वाराचा वेष

मार्गशीर्ष उजाडला की पैनगंगेकाठच्या आमच्या मेहकर परिसरात पहाटेचा गारठा जाणवू लागतो. शिकवणीला जाणारी मुले, दूधवाले, वृत्तपत्र विक्रेते आणि अलीकडे व्यायामासाठी सायकल हाती घेतलेले प्रौढ याच वेळी रस्त्यावर असतात. सर्दी, कास, तमकश्वास यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या अशा रुग्णास औषध देताना त्याच्या वेषाची चौकशी सहसा होत नाही. ती व्हावी, असे आम्हांस वाटते.

चरकाचार्यांनी हेमंतचर्येत जाड व उबदार वस्त्रप्रावरणे सांगितली आणि प्रवात वर्ज्य मानला. सायकलस्वार हा प्रवात स्वतःच निर्माण करतो. हवेचे तापमान १० अंश सेल्सिअस असताना ताशी २० कि.मी. वेगाचा वारा अंगावर आला, तर उघड्या त्वचेस सुमारे ७ अंशांइतका गारवा जाणवतो. दुसरीकडे, स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेत रूपांतरित होतो. त्यामुळे एकच जाड स्वेटर घातलेला मनुष्य चढावर घामाघूम होतो आणि उतारावर तोच घाम त्यास गारठवतो.

यास्तव एका जाड वस्त्राऐवजी तीन पातळ थर उत्तम. आतील थर अंगाबरोबर असावा. सुती बनियन घाम शोषते, परंतु ओलीच राहते. म्हणून पोहोचल्यावर ती बदलावी. मधला थर लोकरीचा असावा, कारण लोकर किंचित दमट झाली तरी ऊब राखते. बाहेरील थर वारा अडवणारा हवा. विंडचीटर परवडत नसल्यास सदऱ्याखाली छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी. पूर्वी युरोपातील शर्यतपटूही घाट उतरण्यापूर्वी हाच उपाय करीत. निघताना किंचित थंडी वाजली तर वेष योग्य समजावा. पाच-दहा मिनिटांत अंग तापते.

बोटे बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. म्हणून हातमोजे आवश्यक. कानटोपीने कान झाकावेत. नाकातोंडावर सैल रुमाल घेतल्यास श्वासाची हवा काहीशी उबदार व दमट होते. तमकश्वासाच्या रुग्णास हे विशेष उपयुक्त. मफलर वा ओढणीची टोके आत खोचावीत, ती चाकात अडकून अपघात होतात. पहाटेच्या अंधारात व धुक्यात बाह्य वस्त्र फिक्या रंगाचे असावे. अभ्यंगानंतर उष्णोदकाने स्नान करून केस पूर्ण कोरडे झाल्यावरच बाहेर पडावे.

शीतकाळातही वाग्भटांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीस अर्धशक्तीनेच व्यायाम सांगितला आहे, हे प्रौढांस आवर्जून सांगावे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचित होतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरील भार वाढतो. सायकल चालवताना छातीवर दडपण येणे, वेदना डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणे, दम लागून घाम फुटणे ही लक्षणे वातप्रकोप किंवा अम्लपित्त म्हणून एखाद्या वटीवर निभावून नेऊ नयेत. औषधालयाच्या गल्ल्यावर अशी तक्रार प्रथम ऐकणाऱ्या बंधूंनी रुग्णास सायकलवरून घरी न धाडता, वाहनाने तत्काळ ई.सी.जी.ची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

वेष योग्य असेल तर हिवाळ्यातील सायकल बलवर्धकच आहे. चिठ्ठीवर औषधाच्या मात्रेखाली वस्त्रांविषयीची एक ओळ लिहिण्यास वेळ लागत नाही.