सुरमई, बोंबील, बांगडा : शास्त्रीय नावांचे उच्चार

प्राण्यांच्या द्विपदी नामकरणाची जी पद्धती लिनीअसने १७५८ साली रूढ केली, तिचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संहितेत नावांच्या अग्रक्रमापासून लिंगविचारापर्यंत बारीकसारीक कलमे असली, तरी अमुकच उच्चार करावा असा हुकूम कोणावरही नाही. सबब तारलीला इंग्रजी वळणाचा अभ्यासक ‘सार्डिनेला लाँगिसेप्स’ म्हणतो आणि अभिजात लॅटिनचा अभिमानी, ‘सी’ या अक्षराचा सर्वत्र ‘क’ करीत, ‘लाँगिकेप्स’ म्हणतो, व दोघांपैकी कोणाचेही म्हणणे रद्दबातल ठरत नाही.

बोंबलाच्या ‘हार्पाडॉन नेहेरेउस’ या नावात अखेरचे दोन स्वर पृथक् उच्चारावेत.

खरी गंमत व्यक्तिनामांत आणि देशी शब्दांत आहे. सुरमईच्या ‘स्कोंबेरोमोरस कॉमर्सन’ या नावात फिलिबेर कोमेर्सों हा फ्रेंच सृष्टिशास्त्रज्ञ वास करीत असल्यामुळे शेवटचा नकार अनुनासिक करणारा चूक करीत नाही. आणि बांगड्याच्या ‘रास्ट्रेलिजर कानागुर्ता’ या नावाचे उत्तरपद तर मूळचे तेलुगू, विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरील मत्स्यांचे वर्णन पॅट्रिक रसेलने १८०३ साली प्रसिद्ध केले त्यातून पुढे शास्त्राच्या दप्तरी दाखल झालेले, म्हणून ते इंग्रजी हेल काढून उच्चारण्याचे आपणांस काहीच प्रयोजन नाही.

जेलीफिशच्या ‘क्निडारिया’ संघाच्या नावातील आरंभीचा ‘क’ इंग्रज गिळून टाकतात, कारण तसली जोडाक्षरे शब्दारंभी त्यांच्या जिभेला पेलत नाहीत. ‘क्लेश’ आणि ‘क्षमा’ लीलया म्हणणाऱ्या मराठी माणसाने तो गाळू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.