शॅम्पेनला निघालात? स्वेटर घ्या!

फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांताची सहल ठरली की बॅगेत सगळ्यात आधी स्वेटर टाका. मे असो वा ऑगस्ट, इथली खरी मजा जमिनीखाली आहे आणि तिथे बारा महिने १०-१२ अंशांचा गारठा असतो. वर उन्हात द्राक्षमळे, खाली खडूच्या मऊ दगडात कोरलेली तळघरं आणि त्यांत आडव्या निजलेल्या शॅम्पेनच्या लाखो बाटल्या. एपर्ने हे गाव तसं चिमुकलं, पण त्याच्या पोटात अशी शंभराहून अधिक किलोमीटर भुयारं आहेत. त्यांतली २८ किलोमीटर एकट्या ‘मोएत ए शांदों’ या कंपनीची!

पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे पकडली की पाऊण तासात रँस शहर. फ्रान्सच्या बहुतेक राजांचे राज्याभिषेक इथल्या कथीड्रलमध्ये झाले. ते बघून झालं की ‘पोमरी’ कंपनीच्या तळघरात उतरा. पायऱ्या ११६. जाताना काहीच वाटत नाही. परत चढताना मात्र प्यायलेली सगळी उतरते. या जागा मुळात रोमन काळातल्या खडूच्या खाणी. पहिल्या महायुद्धात शहरावर तोफगोळे पडू लागले तेव्हा रँसकर अशाच तळघरांत मुक्कामाला गेले. पोरांच्या शाळासुद्धा खालीच भरायच्या.

पायऱ्यांचा कंटाळा असेल तर एपर्नेत ‘मर्सिए’कडे जा. तिथे तळघरातून चक्क छोटी आगगाडी फिरवते. दारातच एक अगडबंब लाकडी पिंप उभं आहे, सुमारे दोन लाख बाटल्यांचा ऐवज मावेल एवढं. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अजेन मर्सिए यांनी ते २४ बैल जुंपून राजधानीत नेलं. चढावर मदतीला घोडे होतेच. वाटेत काही घरं आडवी आली, तर ती विकत घेऊन पाडली! त्या वर्षी आयफेल टॉवरही नवाकोरा होता, तरी पिंपाने भाव खाल्लाच. जाहिरातबाजी शिकायची तर या गृहस्थाकडून.

आता एक भ्रम फोडू या. शॅम्पेनमधले बुडबुडे दों पेरिन्यों या साधूने शोधले, असं गाईड रंगवून सांगेल. ऐका आणि सोडून द्या. हे महाराज ओव्हिलेर गावच्या मठात १६६८ साली कोठी सांभाळायला आले. साखर घातली की वाइन फसफसते, हे ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज डॉक्टराने १६६२ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. उलट पेरिन्यों यांच्या काळात बुडबुडे म्हणजे वाइन बिघडल्याची खूण. ते टाळण्याचीच त्यांची खटपट. तरीही ओव्हिलेरला जाच. चर्चमधली त्यांची समाधी आणि गल्लोगल्ली टांगलेल्या लोखंडी नक्षीच्या पाट्या, दोन्ही बघण्यासारखं आहे.

खरं श्रेय द्यायचं तर विधवांना द्या. बार्ब-निकोल क्लिको १८०५ साली विधवा झाल्या तेव्हा अवघ्या २७ वर्षांच्या. धंदा त्यांनी हातात घेतला. बाटलीतला गाळ काढायचा कसा, हा तेव्हाचा यक्षप्रश्न. त्यांच्या तळघरात टेबलाला भोकं पाडून बाटल्या उलट्या खोचल्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवल्या. गाळ आपसूक बुचाशी जमला! हीच रीत पुढे सगळ्यांनी उचलली. दुसऱ्या लुईझ पोमरी, ११६ पायऱ्यांवाल्या. त्या काळात शॅम्पेन म्हणजे पाकच असायचा. इंग्रजांची जीभ ओळखून या बाईंनी १८७४ची कोरडी, जवळजवळ बिनसाखरेची शॅम्पेन काढली. आज जग पितं ती याच वळणाची.

बाटली उघडताना बूच कोणाकडेही रोखू नका. आत मोटारीच्या टायरच्या जवळपास तिप्पट दाब असतो. एकोणिसाव्या शतकात तळघरांत बाटल्या फटाफट फुटायच्या, म्हणून कामगार तोंडाला लोखंडी जाळी बांधत. बुचावरची तार सोडायला बरोब्बर सहा अर्धे पीळ लागतात. मोजून बघा.

दिवसाला दोन ठिकाणं पुरेत: एक बडी कंपनी, एक शेतकरी. लेबलवर बारीक टायपात ‘आर. एम.’ ही रोमन अक्षरं दिसली तर समजा, ज्याचा मळा त्याचीच शॅम्पेन. माझं मत विचाराल तर गप्पा शेतकऱ्याकडेच रंगतात. वेळ मात्र आधी ठरवून घ्या आणि तोडणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण सप्टेंबरात, त्याच्या दारात उभे राहू नका. इथे यंत्राने तोडणी चालत नाही, घड न् घड हातानेच खुडावा लागतो. तुमच्याशी बोलायला त्याला फुरसत कुठली? भाड्याची गाडीही नको. रँस-एपर्ने रेल्वेने अर्ध्या तासाचं अंतर. गाडी चालवायचीच असेल तर चाखून समोरच्या भांड्यात थुंका. ‘येथे थुंकू नये’ वाचत वाढलेल्यांना जड जाईल, पण तिथे तो शिष्टाचार आहे.

व्हिसा नाही मिळाला? नाशिकजवळच्या दिंडोरीत ‘शांदों’ आहेच, मोएतवाल्यांच्याच घराण्यातली. चांगली फसफसते, फक्त लेबलवर ‘शॅम्पेन’ लिहायची तिला परवानगी नाही. ते नाव त्या प्रांताचंच.

आणि खरेदी? काही मोठ्या बाटल्यांना बायबलमधल्या राजांची नावं आहेत. सगळ्यांना ठाऊक असलेला नबुखद्नेस्सर १५ लिटरचा, म्हणजे वीस बाटल्यांचा. भारतात परतताना माणशी दोनच लिटर मद्य करमुक्त आणता येतं. तेव्हा साध्या दोन बाटल्या चेक-इन बॅगेत टाका आणि राजेसाहेबांना तिथेच रिकामं करून या.