तिसऱ्या गोलाचा धनी

पहिलवानाने उतारवयात तालीम काढावी, गवयाने शिष्य तयार करावेत, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु ज्याच्या डाव्या पायाच्या एका फटक्याने युद्धात चिरडून गेलेल्या देशाला मान वर करता आली, त्या माणसाने आपल्या गावी परतून जुन्या मोटारी विकाव्यात, हे ऐकताना प्रथम थोडे चमत्कारिकच वाटते. पश्चिम जर्मनीच्या हेल्मुट रानने मात्र नेमके हेच केले.

या आडनावाचा जर्मन उच्चार आपल्या 'रान' या शब्दासारखाच आहे, आणि गंमत अशी की त्याचा खेळही तसाच होता. आखून दिलेल्या वाफ्यांत न मावणारा. रुर खोऱ्यातील एसेन हे त्याचे जन्मगाव. जन्म १६ ऑगस्ट १९२९ चा. कोळशाच्या खाणी, क्रुपचा पोलादाचा कारखाना आणि धुराने काळवंडलेल्या चाळवजा इमारती असे हे गाव. दुसऱ्या महायुद्धात विमानांनी ते अक्षरशः भाजून काढले. अशा गावातल्या पोरांना उरलेली चैन म्हणजे एक चेंडू आणि एक मोकळी जागा. रान तेथेच तयार झाला. अंगाने भक्कम, बोलण्यात सैल, हसण्यात मोकळा आणि पायात तोफ. १९५१ साली तो 'रोट-वाइस एसेन' या गावच्या क्लबात आला. १९५३ मध्ये त्या क्लबाने जर्मन चषक जिंकला आणि १९५५ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद. लोक त्याला 'बॉस' म्हणत.

१९५४ च्या वसंतात हा क्लब दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. तिकडे उरुग्वेतील एका क्लबाने रानशी बोलणीही चालविली होती म्हणतात. इतक्यात जर्मन संघाचे शिक्षक झेप हेर्बेर्गर यांचा निरोप गेला, की ताबडतोब परत ये. तो परतला नसता तर पुढची सगळी हकीकत लिहायचे कारणच उरले नसते.

हेर्बेर्गर हा मोठा धोरणी गृहस्थ. स्वित्झर्लंडमधील श्पीत्स गावच्या हॉटेलात त्यांनी खोल्या वाटल्या, त्यातही त्यांचे डोके दिसते. कप्तान फ्रित्स वाल्टर बुद्धिमान खरा, पण स्वभावाने हळवा, सामन्याच्या विचाराने झोप उडणारा. त्याच्या खोलीत हेर्बेर्गरनी घातला हा रान! वाल्टरच्या मनावर मळभ आले की याने विनोद करायचे आणि त्याला हसवायचे. एका अर्थी रानची पहिली कामगिरी मैदानाबाहेरचीच होती. कारण तुर्कस्तानविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याला घेतलेच नव्हते. 'राइट आउट'ची जागा शाल्केच्या बेर्नी क्लोटला मिळाली. रान खेळला तो हंगेरीविरुद्ध. त्या सामन्यात बरेच राखीव गडी उतरविलेल्या जर्मन संघाने ८-३ असा सडकून मार खाल्ला. त्या तिनातला एक गोल रानचा. पुढे युगोस्लाव्हियाविरुद्ध त्याने गोल केला आणि मग जागा पक्की झाली.

अंतिम सामना ४ जुलै १९५४ रोजी बर्नच्या वांकडोर्फ मैदानावर, भर पावसात. समोर पुन्हा हंगेरीच! चार वर्षे न हरलेला, ऑलिम्पिकचे सुवर्णपदक मिळविलेला, इंग्लंडला वेम्ब्लीवर ६-३ ने लोळविलेला संघ. आठव्या मिनिटाला हंगेरीचे दोन गोल झालेही होते; एक पुश्काशचा, दुसरा त्सिबोरचा. प्रेक्षकांना वाटले असेल, झाली गेल्या वेळची पुनरावृत्ती सुरू. पण दहाव्या मिनिटाला मॉरलॉकने एक फेडला आणि अठराव्या मिनिटाला रानने दुसरा. मग तासाहून अधिक काळ हंगेरीने जर्मन गोलाला वेढा घातला आणि गोलकीपर टुरेकने तो एकट्याने लढविला म्हटले तरी चालेल. सामना संपायला सहा मिनिटे उरली असताना डावीकडून आलेला चेंडू हंगेरीच्या बचावफळीने अर्धवट परतविला. तो आला रानकडे. उजव्या पायाने मारण्याची हूल देऊन त्याने चेंडू डावीकडे घेतला आणि डाव्या पायाने सरपटता फटका खालच्या कोपऱ्यात हाणला. ग्रोशिच झेपावला तो रिकाम्या हाताने. पुश्काशने नंतर एक गोल केला, पण तो ऑफसाइड ठरला. ३-२!

त्या दिवशी बहुसंख्य जर्मनांनी हा गोल पाहिला नाही, ऐकला. रेडिओवर हेर्बेर्ट त्सिमरमान आता रानने मारायला हवे असे म्हणतो न म्हणतो तोच रानने मारलेही आणि 'गोल' या एका शब्दाखेरीज त्याच्या तोंडून काही निघेना. नऊ वर्षांपूर्वी ज्या देशाच्या नावाने जग थुंकत होते, त्याला काही साजरे करण्याची ही पहिलीच सोय. (हा त्सिमरमान १९६६ साली मोटार-अपघातात गेला. त्याचा आवाज आजही जर्मन घरांत वाजतो.)

आता पैशाचे पाहू. आपली समजूत अशी की जगज्जेते म्हणजे पुढे जन्मभर बसून खाणार. पण पश्चिम जर्मनीत त्या वेळी 'करारबद्ध खेळाडू' नावाचा एक अर्धामुर्धा प्रकार होता. १९४९ च्या नियमाप्रमाणे महिन्याला जास्तीत जास्त ३२० मार्क! शिवाय पोटापाण्याला दुसरा उद्योग असावा, ही अपेक्षा. आपल्याकडे क्रिकेटवीर बँकेत नोकरी करीत, त्यातलाच प्रकार. खुली राष्ट्रीय साखळी, म्हणजे बुंडेसलीगा, सुरू झाली १९६३ मध्ये आणि तेव्हाही महिन्याची कमाल मर्यादा होती १२०० मार्क. बर्नच्या वीरांना ही दुभती गाय मिळाली ती म्हातारपणी. म्हणून त्यांची पुढची यादी वाचताना मजाही वाटते आणि पोटात कालवतेही. फ्रित्स वाल्टरने धुलाईचे दुकान आणि सिनेमागृह चालविले. मॉरलॉकने न्यूरेनबर्गमध्ये वर्तमानपत्रे आणि लॉटरीची तिकिटे विकली. शेफरने कोलोनमध्ये पेट्रोलपंप घेतला. ओटमार वाल्टरनेही पेट्रोलपंपच घेतला, पण तो कर्जात रुतला आणि १९६९ साली त्याने जीव देण्याचाही प्रयत्न केला, सुदैवाने वाचला. बचावपटू कोलमायरला दारूने गाठले. संसार मोडला, आणि अखेरीस माइंत्सच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत तो दरवान झाला. १९७४ साली, पन्नाशीही न गाठता, तो वारला.

रानलाही पेल्याचे वावडे नव्हते. १९५७ मध्ये दारूच्या नशेत त्याने मोटार खोदकामाच्या खड्ड्यात घातली, वर पोलिसांशी हुज्जत घातली, आणि तुरुंगाची हवा खाऊन आला. दुसरा शिक्षक असता तर त्याने हे नाव कायमचे खोडले असते. हेर्बेर्गरनी त्याला पुन्हा उभे केले आणि १९५८ ला स्वीडनला नेले. तेथे त्याने सहा गोल केले, सतरा वर्षांच्या पेलेइतकेच. मग एक वर्ष कोलोन, तीन वर्षे हॉलंडमधील एन्सखेडे आणि शेवटी बुंडेसलीगात माइडरिख. तेथे एका प्रतिस्पर्ध्याला डोके हाणल्याबद्दल बुंडेसलीगाच्या इतिहासात मैदानाबाहेर काढलेला पहिला खेळाडू हा मानही त्याने मिळविला! १९६५ मध्ये खेळ संपला तेव्हा वय पस्तिशीचे.

आणि एसेनमध्ये त्याने जुन्या मोटारींचा धंदा मांडला. मला ही निवड मुळीच वेडगळ वाटत नाही. १९५० साली पश्चिम जर्मनीत साधारण पाच लाख मोटारी होत्या. दहा वर्षांत त्या चव्वेचाळीस लाखांच्या घरात गेल्या. १९५८ पासून रुरचा कोळसा पडून राहू लागला. स्वस्त तेलाने त्याचे गिऱ्हाईक पळविले आणि खाणी एकामागून एक बंद होऊ लागल्या. शेजारच्या बोखुममध्ये १९६२ साली जुन्या खाणीच्या जागेवर ओपेलचा मोटार-कारखाना उभा राहिला. ज्या गावाचा बाप खाणीत उतरत होता त्याचा मुलगा आता स्वतःची गाडी घेऊ पाहत होता. नवी नाही परवडत, तर वापरलेली.

वापरलेली मोटार घेणे म्हणजे निम्मे शास्त्र आणि निम्मी श्रद्धा. रंगाखालचा गंज, मागे फिरविलेला मैलांचा आकडा, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला दिसतो तो विकणाऱ्याचा चेहरा. आणि रानचा चेहरा तर सगळ्या देशाच्या ओळखीचा! एवढे भांडवल कोणत्या पेढीकडे होते?

पण या भांडवलाचे व्याजही भरावे लागते. एसेनच्या फ्रोनहाउझेन भागात तो राहत असे, आणि तेथल्या मद्यगृहात तो बसला की कोणीतरी हटकून म्हणे, "हेल्मुट, तो तिसरा गोल सांग की रे." पहिली काही वर्षे तो सांगेही, आणि ऐकणारे त्याचा पेला भरीत. बर्नच्या अगोदरचा आणि नंतरचा रान मात्र कोणालाच नको होता. १९५८ चे सहा गोल कोणी विचारीत नसे. चाळीस गोष्टी जगलेल्या माणसाने तीच एक गोष्ट किती वेळा सांगावी? हळूहळू त्याने सांगणे सोडले. मुलाखती नाकारल्या, समारंभांची आमंत्रणे परत केली. घर, आपले लोक, ओळखीचा कोपरा, एवढ्यात तो राहू लागला. काहींनी त्याला तऱ्हेवाईक म्हटले. मला तर वाटते, आयुष्यात त्याने दाखविलेला हा सर्वांत मोठा संयम असावा.

१४ ऑगस्ट २००३ रोजी, चौऱ्याहत्तरावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, तो एसेनमध्येच वारला. दोनच महिन्यांनी झ्योन्के वोर्टमान या दिग्दर्शकाचा 'बर्नचा चमत्कार' हा चित्रपट जर्मनीभर लागला. एसेनचा एक लहानगा मुलगा, रानची पिशवी वाहणारा, त्याचा नायक आहे. लोकांनी तो रडत रडत पाहिला. चित्रपट बर्नहून परतणाऱ्या आगगाडीपाशी संपतो. जुन्या मोटारींचा धंदा त्यात येत नाही.