बाळंतिणीच्या मनाचे दुखणे

बाळंतिणीच्या शरीराची निगा कशी राखावी, हे गोमंतकातील घरांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. तेलाचे मर्दन, ऊन पाण्याचे स्नान, पोटाला बांधलेला पट्टा, वाऱ्यापासून जपणूक, अळीव आणि डिंकाचे लाडू, सहाव्या रात्रीचे षष्ठीपूजन, हे सारे पिढ्यान् पिढ्या यथासांग होत आले आहे. घरी येणारा प्रत्येकजण बाळ कोणाच्या वळणावर गेले आहे ते पाहतो, दूध पुरते की नाही याची चौकशी करतो. ‘बाई ग, तुझे मन कसे आहे?’ हा प्रश्न मात्र तिला क्वचितच कोणी विचारतो; आणि न विचारल्यामुळे जे दडून राहते त्याचे प्रमाण किती मोठे आहे, हे गोव्यातच झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले आहे.

डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापसा येथील रुग्णालयात नोंद झालेल्या २७० गर्भवतींचा मागोवा घेतला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी केली असता ५९ माता, म्हणजे शेकडा २३, नैराश्याने ग्रस्त असल्याचे आढळून आले. त्यांपैकी शेकडा ७८ स्त्रियांच्या मनाचे स्वास्थ्य गरोदरपणातच ढळलेले होते, आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. ज्याला आपण बाळंतपणानंतरचे दुखणे म्हणतो त्याचा आरंभ बहुधा त्यापूर्वीच झालेला असतो, असा याचा अर्थ आहे. कारणे शोधू जाता गरिबी आणि पतीशी बिघडलेले संबंध ही प्रमुख ठरली. अर्भक मुलगी की मुलगा याचाही संबंध दिसून आला; उपासमार व पतीची मारहाण यांसारख्या आपत्तींचा मातेवरील परिणाम अपत्याच्या लिंगानुसार बदलत होता. मुलगी झाली म्हणून घरात पसरलेला अबोला हा बाळंतिणीच्या आरोग्याचाही प्रश्न आहे, हे यावरून ध्यानी यावे.

प्रसूतीनंतर पहिल्या आठवड्यात अकारण रडू येणे, क्षणात हसू तर क्षणात चीड येणे, हे अनेक मातांच्या बाबतीत घडते. विश्रांती आणि धीर मिळाल्यास दहा-बारा दिवसांत ते आपोआप ओसरते. नैराश्य निराळे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकते. बाळ झोपले तरी आईला झोप लागत नाही. अन्नावरची वासना जाते. बाळाविषयी माया वाटत नाही म्हणून ती स्वतःलाच दोष देत राहते. कित्येकींच्या तोंडी मनाचे नावही येत नाही. डोके दुखते, अंगात त्राण नाही, हातपाय गळाले, एवढेच त्या सांगतात, आणि शक्तीच्या गोळ्या घेऊन परततात. तिसरा प्रकार विरळ, हजार प्रसूतींमागे एक-दोन, परंतु अत्यंत गंभीर: काही दिवसांतच माता असंबद्ध बोलू लागते, नसलेले आवाज ऐकते, बाळासंबंधी विपरीत कल्पना करते. अशा वेळी ‘बाहेरची बाधा’ म्हणून गाऱ्हाणे घालण्यात दिवस दवडू नये. माता व बाळ यांना एकटे न सोडता तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

नैराश्यावरील उपचारासाठी प्रत्येक वेळी मोठ्या डॉक्टरांचीच गरज असते असे नाही. पाकिस्तानात रावळपिंडी परिसरात डॉ. आतिफ रहमान यांनी गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांनाच संवादोपचाराचे शिक्षण दिले. २००८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्या मातांपैकी शेकडा २३ जणींत नैराश्य उरले होते. इतर मातांत ते प्रमाण शेकडा ५३ होते. हीच पद्धत पुढे गोव्यात २८० नैराश्यग्रस्त गर्भवतींच्या बाबतीत अजमावण्यात आली. येथे तर भेटी देणाऱ्या स्त्रिया आरोग्यखात्यातीलही नव्हत्या. त्याच वस्तीतील, स्वतः मुलेबाळे असलेल्या सामान्य गृहिणी होत्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांच्या भेटी लाभलेल्या शेकडा ७३ माता सहा महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आल्याचे नमूद आहे; इतरांत हे प्रमाण शेकडा ६० होते. फरक रावळपिंडीइतका मोठा नाही हे खरे, पण शेजारणीने शेजारणीला दिलेल्या उपचाराचा आहे.

या भेटींत उपदेश नसतो. ‘मी वाईट आई आहे’ हा विचार कोठून आला, तो खरा आहे काय, त्याऐवजी दुसरा कोणता विचार करता येईल, हे चित्रांच्या साहाय्याने मातेसमवेत तपासले जाते आणि पुढील भेटीपर्यंत करावयाची एखादी लहानशी गोष्ट ठरते: दुपारचे जेवण वेळेवर करणे, बाळाशी थोडा वेळ खेळणे, मनातले एका विश्वासू माणसाजवळ बोलणे. मातेचे स्वतःचे स्वास्थ्य, बाळाशी नाते आणि घरातील माणसांशी नाते या तिन्हींना हात घातला जातो. यास्तव सासू आणि पती यांनाही बोलावून घेतात. दुखणे अधिक असल्यास औषधे लागतात. अंगावर पाजणाऱ्या मातेलाही घेता येतील अशी औषधे आहेत. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावीत, आणि आपल्या मनाने बंदही करू नयेत.

मूल होत नाही म्हणून झुरणाऱ्या स्त्रीचाही येथे विचार होणे अगत्याचे आहे. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, तरीही नवस, औषधे आणि बोलणी तिच्याच वाट्याला येतात. तपासणी उभयतांची व्हावी, आणि महिनोन् महिने चालणाऱ्या उपचारांत तिला समुपदेशनाची जोड मिळावी.

अंगणवाडी सेविका आणि आरोग्यसेविका यांनी वजन व रक्तदाब यांबरोबर मनाचीही विचारपूस करावी. शक्यतो एकांतात, सासूसमोर नव्हे. ‘जगू नये असे वाटते का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत निराधार आहे. विचारल्याने उलट बोलण्यास वाट मिळते. शिक्षकांच्या नजरेसही काही गोष्टी प्रथम येतात. घरात तान्हे मूल आहे आणि थोरली मुलगी वारंवार शाळेत गैरहजर राहते, तेव्हा तिची आई अंथरुणातून उठते काय, याची चौकशी व्हावी.

वाणीने मनावर उपचार करण्याची कल्पना गोव्याला परकी नाही. संमोहनविद्येचे आद्य अभ्यासक आबे फारिया कांदोळीचेच, आणि पणजीत त्यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. आज बांबोळी येथील मनोरुग्णालयात या सर्व विकारांवर उपचार होतात. १४४१६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही समुपदेशक भेटतात. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा देशभर चालू आहे. दाखल व्हावे लागल्यास बाळाची ताटातूट होईल, या भीतीने पुष्कळ माता दुखणे लपवितात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः वेगळे करता येत नाही. आईच्या आजारामुळे मुलास धोका संभवतो असे डॉक्टरांचे मत झाल्यास किंवा मुलाच्या हितासाठी व सुरक्षिततेसाठी तसे आवश्यक असल्यासच तात्पुरता अपवाद होतो, आणि त्या काळातही देखरेखीखाली आईला मुलाची भेट मिळते.